वितळवणाऱ्या वायूत टिकणारं पातं

जेट इंजिनाची बातमी आली की चर्चा धातूपाशी येऊन थांबते. जून 2023 मध्ये लढाऊ विमानांची एफ414 इंजिनं भारतात बनवण्यासाठी अमेरिकेची जीई आणि आपली हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) या कंपन्यांत सामंजस्य करार झाला, तेव्हाही 'त्या मिश्रधातूचं गुपित मिळालं की झालं' असाच सूर होता. धातू महत्त्वाचा आहेच. पण निकेलचे उत्तम मिश्रधातूही 1350 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळायला लागतात, आणि आधुनिक इंजिनात टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर येणारा वायू असतो 1600 अंशांच्या घरातला. नुसत्या धातूच्या जोरावर तिथे निभाव लागत नाही.

पात्याला वाचवते ती हवा. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतला काही भाग ज्वलनकक्षाला वळसा घालून पोकळ पात्यात सोडतात. दाबामुळे ही 'थंड' हवासुद्धा 600 अंशांपर्यंत तापलेली असते! आतल्या नागमोडी वाटांनी जाताना ती धातूची उष्णता घेते, मग जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या तिरप्या भोकांतून बाहेर पडते आणि दुधावरच्या सायीसारखी पात्यावर पसरते. हेच फिल्म कूलिंग.

मग जास्त हवा सोडली की पातं जास्त गार राहील? नाही, आणि मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच. घनता गुणिले वेग हा हिशेब भोकातून निघणाऱ्या हवेच्या झोतासाठी आणि बाहेरच्या वायूसाठी वेगवेगळा करायचा आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं. साध्या गोल भोकासाठी ते 0.5 च्या आसपास असेल तर थर पृष्ठभागाला धरून राहतो. 1 च्या पुढे गेलं की झोत पृष्ठभाग सोडून वर उठतो. त्याच्या दोन अंगांना विरुद्ध दिशांनी फिरणारे दोन भोवरे तयार होतात आणि बाजूचा तापलेला वायू झोताच्या खाली, थेट धातूकडे ओढतात. हवा जास्त खर्च झाली, आणि संरक्षण मात्र घटलं.

आकड्यांत बघू. 1600 आणि 600 यांत 1000 अंशांचा फरक. थराची परिणामकारकता, म्हणजे या फरकातला जितका हिस्सा थर कमी करतो तो, 0.4 असेल तर पात्यालगतचा वायू 1200 अंशांवर येतो. झोत उठून ती 0.1 झाली, तर 1500 वर. उरलेली भिस्त आतल्या हवेवर आणि पात्यावर चढवलेल्या, उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिक लेपावर.

यावरचा उपाय भोकाच्या तोंडात सापडला. मिनेसोटा विद्यापीठातले गोल्डस्टाइन आणि एकर्ट, तसंच त्यांचे सहकारी बर्गग्राफ यांनी 1974 मध्ये दाखवलं, की तोंड पंख्यासारखं रुंद केलं तर बाहेर पडताना हवेचा वेग मंदावतो, ती आडवी पसरते आणि पृष्ठभागाला धरून राहते.

असं तोंड अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाला द्यायचं, तेही वक्र पात्यावर, लेसरने किंवा विजेच्या ठिणग्यांनी कोरून. नंतर सिरॅमिक लेप चढवताना तोच लेप भोकांत शिरून ती अरुंद करतो. शिवाय वाळवंटी हवेतली धूळ इंजिनात वितळते आणि काचेसारखी पात्यांवर चिकटून भोकं बुजवते.