शंकू वेगळा, वादळ वेगळं

वादळाचा नकाशा आला रे आला की व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला मेसेज ठरलेला, "आपण शंकूच्या बाहेर आहोत, टेन्शन नाय." दरवर्षी तेच वाचून कंटाळलो, म्हणून लिहितोय. शंकू म्हणजे नकाशावर वादळाच्या पुढच्या वाटेभोवती काढलेला, रुंदावत जाणारा पट्टा.

वादळ काय असतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. मधे केंद्र, भोवती गरगरणारं वारं आणि पाऊस, बस.

गडबड होते ती शंकूपाशी. शंकू काढतात तो अंदाज किती चुकू शकतो ते दाखवायला, आणि तेही फक्त केंद्राच्या वाटेबद्दल. उद्या केंद्र कुठे असेल हे बऱ्यापैकी सांगता येतं, चार-पाच दिवसांनी कुठे हे तेवढं नाही, म्हणून केंद्राच्या अंदाजी जागांभोवती काढलेली वर्तुळं पुढे पुढे मोठी होत जातात आणि ती जोडली की शंकू रुंदावतो. बघणाऱ्याला वाटतं वादळ फुगत चाललंय, तेव्हा ते विरतही असू शकतं. अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर ही वर्तुळं मागच्या ५ वर्षांत अंदाज किती चुकला ते मोजून ठरवतं, २/३ चुका आत बसतील एवढी. म्हणजे तिनात एकदा खुद्द केंद्रच वर्तुळाबाहेर. आणि वाऱ्याचा पल्ला तर शंकूत धरलेलाच नसतो!

तौक्ते आठवा. १७ मे २०२१ च्या रात्री ते किनाऱ्याला लागलं सौराष्ट्रात. कोकणच्या जमिनीला केंद्र शिवलंच नाही, समुद्रातनंच वर सरकलं, तरी आदल्या दिवशी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आंब्याची कलमं आडवी झाली, छपरं उडाली, विजेचे खांब पडले.

मी याचा दोष बघणाऱ्याला देत नाही, चित्र काढणाऱ्याला देतो. ठळक काठ काढला की डोळा त्याला कुंपण समजणारच. शंकूऐवजी शक्य असलेल्या बऱ्याच वाटा बारीक रेषांनी काढल्या तर आकाराचा गैरसमज कमी होतो, पण मग एखादी रेषा नेमकी आपल्या गावावरनं गेली की माणूस उगाच जास्त घाबरतो.

आणि अ‍ॅपमध्ये गावाचं नाव टाकलं की नुसता हिरवा नाहीतर लाल दिवा दाखवायचा, असलं 'स्मार्ट' डिझाइन तर मला अजिबात पटत नाही. या वाडीला लाल, पऱ्ह्यापलीकडच्या वाडीला हिरवा, आणि अंदाजात जी शंका होती ती मशीनने परस्पर गिळून टाकली. तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, वेळेचे दोन आकडे दाखवा, जोराचं वारं आपल्या बंदरावर लवकरात लवकर कधी पोचेल आणि बहुतेक करून कधी. होडी वर ओढायला, जाळी आवरायला किती तास लागतात ते त्याला माहीत असतं, मशीनला नाही, तेव्हा ठरवू दे त्याला. हरिकेन सेंटर असे वेळेचे नकाशे काढतंसुद्धा.

आपलं हवामान खातंही शंकूसोबत वाऱ्याचा पल्ला दाखवणारं चित्र देतं, केंद्राच्या चारी बाजूंना कुठवर किती वारं ते. ग्रुपवर पाठवायचंच असेल तर ते पाठवा, नुसता शंकू कापून नको.