बर्फाच्या हॉटेलात झोपायची कल्पना आली कुठून

स्वीडनमधल्या युक्कासयार्वीच्या बर्फाच्या हॉटेलचे फोटो फिरायला लागले की हमखास कोणीतरी विचारतं, पैसे देऊन एवढ्या थंडीत झोपायला जातं कोण? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचे इग्लू, म्हणजे हिमाच्या घुमटाकार झोपड्या, वेगळे, ते शिकारीच्या वाटेवर जीव वाचवायला बांधलेले. पण हौसेने बांधलेल्या बर्फाच्या इमारतीत रात्र काढल्याची जी सगळ्यात गाजलेली जुनी गोष्ट आहे ती चक्क छळाची आहे.

1740 चा हिवाळा, सेंट पीटर्सबर्ग. रशियाची सम्राज्ञी ॲना इव्हानोव्हना हिने नेवा नदीच्या बर्फाचे ठोकळे कापून महाल उभा केला, ठोकळे जोडायला चुना नाही काही नाही, नुसतं पाणी ओतायचं की ते गोठून सांधा पक्का, आतला पलंग, उश्या सगळं बर्फाचंच. आणि हे कशासाठी, तर मिखाईल गोलित्सिन नावाच्या सरदाराने कॅथलिक बाईशी लग्न केलं या रागातून तिने त्याला आधीच दरबारात विदूषक करून ठेवलं होतं, आता त्याचं दरबारातल्याच एका काल्मिक (रशियातल्या मंगोल वंशाच्या जमातीतल्या) बाईशी जबरदस्तीने लग्न लावलं, दोघांची हत्तीवर पिंजऱ्यात बसवून वरात काढली आणि रात्रभर त्या महालात कोंडून बाहेर पहारा बसवला. दोघंही वाचली. मला हे वाचताना दरवेळी चीड येते, कारण महालाच्या कारागिरीचं कौतुक पुष्कळ लिहिलं गेलंय आणि आत कुडकुडणाऱ्या त्या दोघांकडे मात्र गंमत म्हणूनच बघितलं गेलं.

पुढे 1883 ला माँट्रियलमध्ये आणि 1886 ला अमेरिकेत सेंट पॉलला हिवाळी जत्रांसाठी मोठे बर्फाचे महाल झाले, पण ते बघायचे, झोपायचे नाहीत.

झोपायचं सुरू झालं ते युक्कासयार्वीत. किरुना या लोखंडाच्या खाणीच्या शहराजवळचं छोटंसं गाव, आर्क्टिक सर्कलच्या साधारण 200 किमी उत्तरेला, टोर्ने नदीकाठी. इथे इंग्वे बर्गक्विस्ट पर्यटनाचा धंदा करायचे, उन्हाळ्यात नदीवर माणसं यायची आणि हिवाळ्यात अंधार आणि थंडीमुळे सगळं ठप्प. मग त्यांनी ठरवलं की ज्या थंडीमुळे लोक येत नाहीत तीच दाखवायची. 1989 ला जपानी कलाकार येऊन बर्फाची शिल्पं करून गेले, 1990 ला फ्रेंच कलाकार जानो देरिद यांचं प्रदर्शन भरलं, तेही साधारण 60 चौरस मीटरच्या खास बांधलेल्या बर्फाच्या दालनात. एका रात्री गावात खोल्या शिल्लक नव्हत्या, तेव्हा काही पाहुण्यांनी विचारलं आम्ही त्या दालनातच झोपू का, आणि रेनडिअरच्या कातड्यांवर स्लीपिंग बॅग टाकून झोपले. सकाळी उठले ते खुश. हॉटेल सुरू झालं ते असं, कुठल्या बिझनेस प्लॅनमधून नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते अजून प्रदर्शनासारखं चालतं, दरवर्षी जगभरातले कलाकार डिझाइन पाठवतात, निवडलेल्यांना एकेक खोली घडवायला मिळते.

बांधायची पद्धत बघण्यासारखी आहे. मार्चच्या सुमारास नदीतून जवळपास 2 टनांचे ठोकळे कापून गोदामात ठेवतात, वाहत्या पाण्याचा बर्फ असल्याने बुडबुडे फार कमी, काचेसारखा स्वच्छ. नोव्हेंबरात लोखंडी कमानींच्या साच्यांवर स्नाइस, म्हणजे बर्फ आणि भुसभुशीत हिमाचं मिश्रण, फवारतात, ते घट्ट झालं की साचे काढून घेतात, मग आत छिन्नी चालते. हिमात हवा अडकलेली असते, ती थंडी बाहेर अडवते, त्यामुळे बाहेर उणे 30 असलं तरी आत उणे 5 ते 8 च्या आसपासच राहतं. टॉयलेट मात्र शेजारच्या गरम इमारतीत, आणि बहुतेक लोक एकच रात्र बर्फात काढून बाकीच्या रात्री गरम खोलीत राहतात, यात काहीच कमीपणा नाही. वसंतात सगळं वितळून पाणी परत टोर्नेत जातं.

हे दरवर्षी वितळून जाणंच मला आवडायचं, म्हणून 2016 ला तिथे वर्षभर टिकणारा भाग सुरू केला तेव्हा मी जरा नाराज होतो. पण मग कळलं की गारवा राखायला सोलर पॅनल लावलेत, आणि उन्हाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही, म्हणजे थंडाव्याची गरज जास्त तेव्हाच वीजही जास्त. ही युक्ती मला मनापासून पटली.

दरम्यान कल्पना पसरली, 2001 ला क्युबेकजवळ बर्फाचं हॉटेल आलं, फिनलंडमध्ये केमीला, नॉर्वेत आल्टाला, रोमानियात बिलेया तलावाकाठीही झालं. आपल्याकडे मनालीच्या वर सेथनला हिवाळ्यात इग्लू बांधून पाहुण्यांना ठेवतात, त्यामुळे बर्फात एक रात्र काढून बघायची असेल तर आता युरोपच गाठायला हवं असं नाही, फक्त जायच्या आधी त्या वर्षी हिम पुरेसं पडलंय का ते विचारून घ्या.