चिकणमातीवरची भागीदारी

लुई सलिव्हन हे नाव वास्तुकला शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून जातं. त्याचा भागीदार डँकमार अ‍ॅडलर मात्र बहुधा जोडनावापुरताच उरतो. १८८३ ते १८९५ या काळात शिकागोत ‘अ‍ॅडलर अँड सलिव्हन’ या नावाने चाललेल्या कचेरीत इमारत दिसेल कशी हे सलिव्हन पाहायचा आणि ती उभी राहील कशी हे अ‍ॅडलर. शिकागोत यातला दुसरा प्रश्न जास्त अवघड होता.

तिथे खडक लागायला शंभरेक फूट खाली जावं लागतं. वरती सगळी हिमनद्यांनी आणून टाकलेली, पाण्याने भरलेली मऊ चिकणमाती. तिच्यावर भार पडला की कणांमधलं पाणी दाबाने बाहेर निघू लागतं, पण चिकणमातीची छिद्रं इतकी बारीक, की ते निघायला वर्षानुवर्षं लागतात. तोवर इमारत खचतच राहते. सगळी सारखी खचली तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा जास्त बसला, की भिंतींना तडे जातात. या खचण्याचं गणित कार्ल तेरझागी या अभियंत्याने मांडलं ते १९२०च्या दशकात. अ‍ॅडलरकडे अनुभव होता आणि ठोकताळे होते.

१८८९मध्ये पूर्ण झालेल्या ऑडिटोरियम इमारतीत त्याची खरी कसोटी लागली. चार हजारांहून अधिक आसनांचं नाट्यगृह, भोवती हॉटेल आणि कचेऱ्या, शिवाय १७ मजली मनोरा. पोलादी सांगाडा नाही, भार दगडविटांच्या जाड भिंतींवर. मनोरा शेजारच्या भागापेक्षा कितीतरी जड होणार, म्हणजे पुढे तो एकटाच खाली बसणार. अ‍ॅडलरने काय करावं? मनोरा अर्धवट असतानाच त्याच्या पायावर विटा आणि कच्च्या लोखंडाचे ठोकळे रचून पुढे येणारं वजन आधीच लादलं. मजले चढत गेले तसे ठोकळे उतरवले. माझ्या मते सलिव्हनच्या कुठल्याही नक्षीइतकीच ही कल्पना देखणी आहे.

मनोऱ्याने दगा दिला नाही, दिला बाहेरच्या भिंतींनी. त्या आधी विटांच्या आणि टेराकोटाच्या व्हायच्या होत्या, पण पाया घातल्यावर दगडाच्या करायचं ठरलं. वजन वाढलं, पाया तेवढाच राहिला. इमारत काही ठिकाणी दोन फुटांहून जास्त खचली. नाट्यगृहाच्या लॉबीतली मोझेइकची फरशी बाहेरच्या भिंतीकडे उतरत जाते, ते आजही दिसतं.

सेंट लुईसमधल्या दहा मजली वेनराइट इमारतीत (१८९१) पोलादी सांगाडा आला आणि भिंतींवरचं ओझं गेलं. सलिव्हनने उभ्या रेषांवर सगळा जोर दिला. गंमत अशी, की दर्शनी भागातल्या एकाआड एक खांबात पोलाद नाहीच. ते निव्वळ उंचीचा भास वाढवायला आहेत. रूप हे कार्याच्या मागून येतं, असं १८९६मध्ये लिहिणारा तो हाच.

शिकागोच्या स्टॉक एक्स्चेंज इमारतीच्या (१८९४) वेळी अडचण वेगळी होती. पश्चिमेची भिंत एका वृत्तपत्राच्या इमारतीला लागून होती आणि पायासाठी लाकडी खुंट जमिनीत ठोकले असते तर हादऱ्यांनी तिथली छपाईयंत्रं बिघडली असती. म्हणून विल्यम सूई स्मिथ या अभियंत्याच्या सल्ल्याने तेवढ्या बाजूला माणसांकरवी विहिरी खणल्या. फळ्या आणि लोखंडी कडी लावून त्यांच्या भिंती थोपवून धरल्या आणि कठीण थर लागल्यावर त्या काँक्रीटने भरल्या. शेजाऱ्याची यंत्रं वाचवायला केलेली ही सोय पुढे शिकागोतल्या उंच इमारतींची नेहमीची रीत झाली.

१८९३च्या मंदीत कामं आटली. १८९५मध्ये अ‍ॅडलर एका लिफ्ट कंपनीत गेला, काही महिन्यांतच परतला, पण सलिव्हनने पुन्हा भागीदारी केली नाही. अ‍ॅडलर १९००मध्ये गेला. सलिव्हनला त्यानंतर मोठी कामं क्वचितच मिळाली. उतारवयातली त्याची नावाजलेली कामं म्हणजे लहान गावांतल्या बँका. त्यांच्यावरची नक्षी अप्रतिम आहे, आणि पायाची चिंता करावी इतकी त्यातली एकही उंच नाही.