एम्स चाचणी : नव्वद टक्क्यांच्या आकड्याची पार्श्वभूमी

औषधांतल्या नायट्रोसमीन या घातक अशुद्धीच्या बातम्या २०१८ पासून सुरूच आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच बातम्यांत ‘एम्स टेस्ट पॉझिटिव्ह’ हे शब्द येतात. एखादं रसायन जनुकं बिघडवतं का, हे बॅक्टेरियावर बघणारी ही चाचणी. (दिल्लीच्या एम्सचा इथे काही संबंध नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या एका जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचं हे आडनाव.) वाचणारा ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ ‘कर्करोग होतो’ असाच लावतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चाचणी जन्माला घालणाऱ्यांनीही सुरुवातीला जवळजवळ हेच सांगितलं होतं, नव्वद टक्के कर्करोगकारक ती पकडते म्हणून.

काजळी आणि डांबराने कर्करोग होतो हे कसं कळलं, तो जुना इतिहास इथे उगाळत नाही. १७७५ मध्ये लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या मुलांपासून १९१५ मध्ये टोकियोत सशांच्या कानांना डांबर चोळण्यापर्यंत एक गोष्ट बदलली नव्हती. निकाल हवा तर आख्खं शरीर आजारी पडेपर्यंत थांबावं लागायचं.

१९६४ च्या सुमारास या प्राध्यापकांच्या हाती बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट होतं आणि त्यावरची घटकांची यादी वाचताना त्यांच्या मनात आलं, यातल्या कशाने जनुकं बिघडतात हे कोणी तपासलंय का? त्यांच्याकडे साल्मोनेला या बॅक्टेरियाचे असे स्ट्रेन (वाण) होते, ज्यांना वाढीला लागणारं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नव्हतं. हिस्टिडीन जवळपास नसलेल्या प्लेटवर ते वाढत नाहीत. रसायनाने त्यांच्या जनुकात योग्य ठिकाणी बदल घडवला, तर ती क्षमता परत येते आणि कॉलनी, म्हणजे बॅक्टेरियाचा ठिपका, उगवते. त्या कॉलन्या मोजायच्या, एवढंच. पण बरीचशी रसायनं शरीरात, मुख्यतः यकृतात गेल्यावर विषारी होतात आणि बॅक्टेरियाला यकृत नसतं. म्हणून उंदराचं यकृत वाटून, ९००० जी वेगाने फिरवून वर उरलेला द्रव मिसळायची युक्ती आली. प्रयोगशाळेत त्याला आजही ‘एस-नाइन’ म्हणतात.

ज्यांनी ही प्लेट हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट थोडी जवळून. टीए १०० या स्ट्रेनच्या प्लेटवर काहीही न घालता शंभर-दीडशे कॉलन्या येतातच, आपोआप. रसायन घातल्यावर त्या दुप्पट झाल्या की साधारणपणे पॉझिटिव्ह धरतात. त्याआधी प्लेट उजेडासमोर तिरपी धरून कॉलन्यांच्या मागे पुसट सायीसारखा थर आहे ना, ते बघायचं. ते ‘लॉन’. लॉन विरळ झालं असेल तर रसायनाने बॅक्टेरिया मारलेत आणि मग कॉलन्यांच्या आकड्याला काडीची किंमत नाही. नवशिका माणूस कॉलन्या मोजत बसतो, मुरलेला आधी लॉन बघतो.

आता त्या नव्वद टक्क्यांच्या आकड्याकडे. १९७३ मध्ये या प्रयोगशाळेच्या लेखाने शीर्षकातच सांगून टाकलं, की कर्करोगकारक द्रव्यं ही म्युटाजेन, म्हणजे जनुकं बिघडवणारी, असतात. १९७५ मध्ये सुमारे ३०० रसायनांचा मोठा अहवाल आला आणि त्यात १७४ कर्करोगकारकांपैकी १५६ पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे नव्वद टक्के. उंदरांवरच्या चाचणीत रसायन द्यायलाच दोन वर्षं जातात, इथे दोन दिवसांत निकाल. शिवाय पेटंट घेतलेलं नव्हतं, स्ट्रेन मागेल त्याला फुकट मिळत. ‘नव्वद टक्के’ हा आकडा मग जगभर फिरला.

पण १७४ ची ती यादी कशाची होती? नायट्रोसमीन, अॅरोमॅटिक अमीन, डांबरातली बहुवलयी हायड्रोकार्बनं अशांचा तिच्यात भरणा होता. डीएनएवर थेट हल्ला करणारी ही घराणी तेव्हा सगळ्यांच्या परिचयाची होती. ज्या परीक्षेचे प्रश्न आधीच माहीत आहेत तिच्यात नव्वद टक्के मिळण्यात नवल काय. १९८७ मध्ये अमेरिकी सरकारी कार्यक्रमाने उंदरांवर तपासलेली ७३ रसायनं घेऊन पुन्हा ताडून पाहिलं, तेव्हा कर्करोगकारकांपैकी ४५ टक्केच पकडली गेली. बेंझीन, अर्सेनिक, अॅस्बेस्टॉस या तिन्हींनी माणसात कर्करोग होतो याबद्दल वाद नाही, आणि या प्लेटवर तिन्ही गप्प. उलट कांद्यातलं क्वेर्सेटिन प्लेटवर खणखणीत पॉझिटिव्ह येतं. त्यावरून कोणी कांदाभजी सोडल्याचं ऐकिवात नाही.

मराठीत हा गुंता आणखी वाढतो. म्युटाजेनला ‘उत्परिवर्तक’ म्हटलं तर वाचक पान उलटतो, म्हणून बातमीत सरळ ‘कर्करोगकारक’ छापून येतं. एक शब्द पेशीतल्या घटनेचा, दुसरा आजाराचा. मधलं अंतर प्रत्येक रसायनागणिक वेगळं असतं आणि बातमीत ते शून्य होतं.

तरीही त्या प्रयोगशाळेची पहिली दहा वर्षं मला फार मोलाची वाटतात, आणि त्याचं कारण म्हणजे लहान मुलांचे रात्रीचे कपडे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नियम आला, की मुलांच्या झोपायच्या कपड्यांनी चटकन पेट घेता कामा नये. कारखान्यांनी त्यासाठी पॉलिस्टरमध्ये ‘ट्रिस’ हे ब्रोमीनयुक्त रसायन भरलं, कापडाच्या वजनाच्या काही टक्के. प्लेटवर ते जोरदार पॉझिटिव्ह आलं. जानेवारी १९७७ मध्ये लेख छापून आला आणि एप्रिलमध्ये बंदी. उंदरांवरच्या सरकारी प्रयोगांतही मूत्रपिंडात गाठी दिसल्या होत्या, त्यामुळे ही बंदी फक्त बॅक्टेरियाच्या जिवावर नव्हती. पुढच्या वर्षी ट्रिसचे कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत त्याचाच अवशेष सापडला. लेखाची पहिली लेखिका याच प्रयोगशाळेतली संशोधिका, आणि गिर्यारोहक. १९७८ मध्ये तिने अन्नपूर्णेवर महिलांची मोहीम नेली.

न्यायालयाने कार्यपद्धतीतल्या त्रुटीवरून ती बंदी रद्दही केली आणि ती घालणाऱ्या ग्राहक-सुरक्षा आयोगाला एकेक प्रकरण धरून पुढे जावं लागलं. दरम्यान अमेरिकेत विकता न येणारे लाखो कपडे गरीब देशांकडे रवाना होत राहिले. निर्यातीवर बंदी आली ती १९७८ मध्ये. मग कंपन्यांनी ब्रोमीनच्या जागी क्लोरीन असलेला ट्रिसचा भाऊ आणला. त्याच प्रयोगशाळेने १९७८ मध्ये तोही पॉझिटिव्ह दाखवला. मुलांच्या कपड्यांतून तो गेला, सोफ्याच्या फोममध्ये मात्र राहिला आणि कॅलिफोर्नियाच्या कर्करोगकारकांच्या यादीत त्याचं नाव यायला २०११ उजाडलं.

याच प्राध्यापकांच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी घरातल्या वस्तू तपासायला आणल्या, त्यातून केसांच्या रंगाचं प्रकरण निघालं. १६९ पक्क्या रंगांपैकी १५० पॉझिटिव्ह, साल १९७५.

आणि मग त्यांनी कूस बदलली. १९८० च्या दशकात तेच प्राध्यापक म्हणू लागले, की उंदरांना सहन होईल तेवढा जास्तीत जास्त डोस दिला तर तपासलेल्या रसायनांपैकी निम्मी कर्करोगकारक ठरतात, मग ती कारखान्यातली असोत की झाडातली. १९९० मध्ये त्यांनी हिशेब मांडला, की अमेरिकी माणसाच्या आहारातली वजनाने ९९.९९ टक्के कीटकनाशकं वनस्पतींनी स्वतःच बनवलेली असतात. डोसचा मुद्दा बरोबरच आहे. पण ज्याने ट्रिसची प्लेट जगाला दाखवली, त्याच्या तोंडून तो आल्यावर रासायनिक उद्योगाने उचलून धरला नसता तरच आश्चर्य. कॉफीच्या कपातही नैसर्गिक कर्करोगकारक असतातच, ही उपमा मग सगळीकडे वापरली गेली, ट्रिस विसरलं गेलं.

मुंबईत काम वेगळ्या दिशेने चाललं होतं. इथल्या कर्करोग संशोधन केंद्रात मिश्रीचा अर्क याच चाचणीत पॉझिटिव्ह निघाला, आणि १९९० च्या आसपास बिडी वळणाऱ्या बायकांच्या लघवीत म्युटाजेन द्रव्यं वाढलेली आढळली. दिवसभर तंबाखूत हात असणाऱ्या या बायका. बर्कलीत ट्रिसचा लेख छापून आला तेव्हा तीन महिन्यांत कायदा हलला होता. इथे बिडीचा धंदा तसाच चालू राहिला.

औषधांत ही चाचणी वेगळ्या दाराने आली. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेनुसार म्युटाजेनिक अशुद्धीला दिवसाला १.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा मिळाली, पण नायट्रोसमीनना त्यातून वगळलं, कारण ती त्याहून घातक. २०१८ मध्ये रक्तदाबाच्या वाल्सार्टन या औषधात एनडीएमए हे नायट्रोसमीन सापडलं. त्याची मर्यादा ठरली दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. त्यानंतर महाराष्ट्र-गोव्यातल्या औषध कारखान्यांनाही एकेक उत्पादन तपासून काढावं लागलं.

यात मेख अशी, की नायट्रोसमीन पकडायला जुनी पद्धत कमी पडते. म्हणून उंदराबरोबर हॅमस्टरच्याही यकृताचा एस-नाइन, तोही मिश्रणात ३० टक्के, आणि प्लेटवर ओतण्याआधी सगळं अर्धा तास एकत्र ठेवायचं, अशी सुधारित चाचणी आली. २०२३ पासून युरोपीय नियामकाने तिच्या निगेटिव्ह निकालालाही किंमत दिली आहे. त्या सुधारित चाचणीत निगेटिव्ह आलेल्या नायट्रोसमीनला दिवसाला १५०० नॅनोग्रॅमपर्यंत, म्हणजे तीच १.५ मायक्रोग्रॅमची, मोकळीक मिळते.