श्रावणातला टीपॉय, शिमग्यातली चीर

ऐन श्रावणात घरामागच्या शेडमध्ये मी पहिला टीपॉय केला. सागाच्या पाच फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या आणि खालून दोन आडव्या पट्ट्या गोंद लावून, वर स्क्रू पिळून आवळल्या. पुढच्या शिमग्याच्या सुमारास एका रात्री फटाका वाजावा तसा आवाज आला. सकाळी बघतो तर टीपॉय मधोमध तडकलेला. चीरही सांध्यावर नव्हती, चांगल्या धडधाकट फळीच्या अंगातून गेली होती.

(टीपॉयचा चहाशी संबंध नाही बरं का. मूळ शब्द तिपाई, म्हणजे तीन पायांची. इंग्रजांनी तो उचलला, चहाच्या 'टी'शी त्याची गल्लत झाली आणि आता चार पायांच्या टेबलालाही आपण तेच म्हणतो.)

बेळगावच्या शहापुरातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना तुकडे दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "लाकूड मेलंय म्हणून कोण सांगितलं ओ तुम्हाला? श्वास घेतंय ते अजून."

श्वास म्हणजे हवेतला ओलावा. झाडाचं खोड म्हणजे उभ्या, बारीक, पोकळ नळ्यांची जुडी. ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं: नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतींत. लाकूड वाळताना आधी पोकळीतलं पाणी जातं. तेव्हा वजन कमी होतं, पण आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी उरलं की भिंतींतलं पाणी निघायला लागतं, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. या भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांनी विणलेल्या असतात आणि ते धागे बहुतेक नळीच्या लांबीच्या दिशेनेच धावतात. पाण्याचे रेणू धाग्यांच्या मधे शिरतात तेव्हा धागे एकमेकांपासून दूर सरतात, लांब मात्र होत नाहीत. म्हणून फळी रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच.

रुंदीतही दोन तऱ्हा आहेत. वाढीच्या वलयांच्या कडेकडेने लाकूड जास्त आकसतं, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत कमी. सागाचे आकडे पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत साधारण 5.8 आणि 2.5 टक्के. अमेरिकी पांढऱ्या ओकचे 10.5 आणि 5.6. साग महाग का, याचं उत्तर वाळवी लागत नाही एवढ्यावर संपत नाही. तो जागचा कमी हलतो, हेही आहेच.

कमी म्हणजे किती? हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ 80 टक्के राहिली तर लाकडात साधारण 16 टक्के पाणी मुरतं. 30 टक्के राहिली तर 6 टक्के. इंचभर जाडीच्या फळीला ही मजल गाठायला आठवडे लागतात, म्हणून आपण 14 वरून 8 धरू. 60 सेंटीमीटर रुंदीचा, सरळ चिरलेल्या (म्हणजे रुंदी वलयांच्या कडेकडेने असलेल्या) फळ्यांचा टीपॉय घ्या. 30 टक्के पाण्यात 5.8 टक्के आकसणार, तर 6 टक्के पाण्यात त्याचा पाचवा भाग. हिशेब येतो सुमारे 7 मिलिमीटर. माझ्या आडव्या पट्ट्यांची लांबी मात्र तसूभरही कमी होणार नव्हती. वरचं लाकूड आत यायला बघत होतं, पट्ट्या येऊ देत नव्हत्या. लाकडाच्या रेषांना, म्हणजे नळ्यांच्या दिशेला, आडवं ताणलं की लाकूड फार दुबळं असतं, आणि गोंदाचा सांधा त्याहून बळकट. मग फळी फाटली, यात फळीची काय चूक?

हे गाडीवानाला कुणी शिकवावं लागलं नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. ती थंड होऊन आवळली की चाक घट्ट. पण उन्हाळ्यात लाकूड आकसतं, धाव ढिली पडते, म्हणून चाकं ओढ्यात भिजत घालायची. जुन्या वाड्यांच्या दारातही तेच शहाणपण आहे: चौकटीला खाच, खाचेत फळी नुसती सरकवलेली, ना खिळा ना गोंद. पावसाळ्यात फुगायला जागा, उन्हाळ्यात आकसायला मुभा.

आपल्या भागात तर हे फार जपावं लागतं. एकाच बेळगाव जिल्ह्यात मलप्रभा नदी उगवते ते कणकुंबी पावसानं चिंब, आणि ईशान्येला अथणीकडे रखरखाट. कणकुंबीच्या बाजूच्या खानापुरातून आणलेली फळी अथणीच्या घरात नेली तर ती तिथं आणखी वाळणारच. मोबाइलवरचे परदेशी व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: त्यांची घरं हिवाळ्यात तापवलेली असतात, म्हणून त्यांचं लाकूड हिवाळ्यात आकसतं. आपलं आकसतं ते फाल्गुन-चैत्रात. कृती तीच, पंचांग वेगळं.

दुसऱ्या खेपेला आधी फळ्या मधे पट्ट्या घालून महिनाभर घरातच रचून ठेवल्या. एक तुकडा वजन करून ओव्हनमध्ये 100 अंशांच्या किंचित वर ठेवला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. 112 ग्रॅमचा 100 ग्रॅम झाला, म्हणजे 12 टक्के पाणी. मग सांगाड्याच्या आतल्या बाजूला खाच पाडली आणि फळीला खालून लाकडी गुटके स्क्रूने बसवले. गुटक्याची जीभ खाचेत, मधे थोडी मोकळी जागा. गोंद फक्त फळ्या एकमेकांना जोडायला. त्या सगळ्या एकाच दिशेने हलतात, तिथं भांडण नाही.

पॉलिशवर मात्र माझा फारसा विश्वास उरलेला नाही. ते ओलावा अडवत नाही, फक्त उशीर करतं. आणि ते वरूनच लावलं, खालची बाजू कोरी ठेवली, तर पावसात खालचं अंग आधी फुगतं आणि कडा परातीसारख्या वर येतात. लावायचं तर दोन्हीकडून सारखं.

जुना टीपॉय फेकला नाही. मागच्या व्हरांड्यात त्यावर तुळशीला घालायच्या पाण्याचा तांब्या असतो. मार्चमध्ये त्याच्या चिरेत दोन रुपयांचं नाणं उभं राहतं. आषाढ लागला की साधं पोस्टकार्डही आत जात नाही.