मायलिन कुणाचे? परिघीय मज्जातंतूंच्या सूक्ष्मरचनेतील जुना वाद

मज्जातंतूच्या आडव्या छेदात अक्षतंतूभोवती, म्हणजे मज्जापेशीच्या संदेश वाहून नेणाऱ्या लांब शेपटीभोवती, मायलिनचे जे मेदयुक्त कडे दिसते, ते नक्की कोण तयार करते, या एका प्रश्नाने परिघीय (मेंदू व मेरुरज्जूबाहेरील) मज्जातंतूंच्या अभ्यासाची शंभराहून अधिक वर्षे व्यापली. १८३९ मध्ये पेशीसिद्धान्त मांडणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने, ज्याच्या नावाने अक्षतंतूला बिलगून असणारी श्वान पेशी ओळखली जाते, पेशींची साखळी एकमेकींत मिसळून अक्षतंतूसह सगळा तंतूच घडतो असे मानले होते. त्या कड्याला मायलिन हे नाव मिळाले ते १८५४ मध्ये.

१८७० च्या दशकात पॅरिसमधील एका संशोधकाने सिल्व्हर नायट्रेटने रंगवलेल्या तंतूंवर ठरावीक अंतराने खंड पडलेले पाहिले. दोन खंडांमधील प्रत्येक भागात एकच केंद्रक होते. त्यावरून, चरबी जशी मेदपेशीच्या आत साठते तसे मायलिन श्वान पेशीच्या आत असते, असे त्याने मांडले. विरोधकांचा आक्षेप बिनतोड वाटत होता: मेंदूत आणि मेरुरज्जूत मायलिन आहे, पण श्वान पेशी नाहीत, मग ते अक्षतंतूनेच स्रवलेले का मानू नये? प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मजल सुमारे ०.२ मायक्रोमीटरपर्यंतच असल्याने नुसत्या डोळ्यांच्या पुराव्यावर हा निवाडा होणे शक्यच नव्हते. पाठ्यपुस्तके हा सारा काळ एका ओळीत उरकतात, हे मला अन्यायाचे वाटते.

१९५४ मध्ये एका अमेरिकन संशोधिकेने कोंबडीच्या भ्रूणातील मज्जातंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कोवळ्या तंतूत अक्षतंतू श्वान पेशीच्या खोबणीत बसलेला होता आणि खोबणीचे दोन्ही काठ जवळ येऊन तिच्या पेशीपटलाची दुहेरी घडी तयार झाली होती. पुढच्या टप्प्यातील तंतूंत तीच घडी लांबून अक्षतंतूभोवती गुंडाळली गेली होती. म्हणजे मायलिन हे श्वान पेशीचेच पटल होते, मधला पेशीद्रव दाबून काढलेले, थरावर थर चढलेले.

तरीही अक्षतंतूच्या बाजूने बोलणारे पूर्णपणे चुकले नव्हते. १९७० च्या दशकाच्या मध्यास मायलिनरहित मज्जातंतूचा तुकडा मायलिनयुक्त मज्जातंतूला जोडण्यात आला, तेव्हा त्यात नवे अक्षतंतू वाढताच तिथल्या श्वान पेशी मायलिन बनवू लागल्या. २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले की अक्षतंतूवरील न्यूरेग्युलिन हे प्रथिन कमी असेल तर आवरण पातळ होते आणि जास्त असेल तर जाड. बांधणारी पेशी एक आणि किती बांधायचे हे सांगणारी दुसरी, असा हा व्यवहार आहे.

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गिलाँ-बारे सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते त्या आजाराचे) रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा हीच विभागणी मज्जातंतूंच्या तपासणी अहवालांतून सामान्य कुटुंबांसमोर आली. या आजाराच्या एका प्रकारात भक्षक पेशी मायलिनचे थर सोलून काढतात, तर दुसऱ्यात प्रतिपिंडे मायलिनमध्ये खंड पडलेल्या जागी उघड्या असलेल्या अक्षतंतूच्या पटलावरच हल्ला करतात.