छोट्या फिश टँकमधील माशांची निवड (बेळगाव सीमाभाग)

गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत एकमेकांशी जमवून घेतील असे मासे निवडणे आणि ते बेताने सोडणे. घरगुती टाकी साधारणपणे दोन फूट लांब, एक फूट रुंद व तेवढीच उंच असते. हिशेबाने तिच्यात ५६ लिटर पाणी मावते. खाली खडी घालून वर मोकळी जागा सोडली की ४५ लिटरच्या आसपासच उरते. मासे किती व कोणते, हे या ४५ लिटरांवर ठरते.

निवडीची सुरुवात घरच्या पाण्यापासून करावी. सीमाभागात हे पाणी गावागणिक बदलते. खानापूर तालुक्यात, कणकुंबी-जांबोटीकडे, पाऊस भरपूर आणि जमीन तांबडी, त्यामुळे पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचे असते. पूर्वेला अथणीकडच्या काळ्या रानातले बोअरचे पाणी जड; बादलीवर त्याचा पांढरा थर धरतो. बेळगाव शहराला राकसकोप व हिडकल जलाशयांचे पाणी मिळते. ते क्लोरीन घातलेले असल्याने रात्रभर उघडे ठेवून किंवा क्लोरीन घालवणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे टाकूनच वापरावे.

जड पाणी गप्पी, मोली व प्लॅटी यांना चांगले मानवते. निऑन टेट्राला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागते. खानापूरच्या पाण्यात त्याचा निळा-लाल पट्टा खुलतो. बोअरच्या पाण्यात तोच मासा फिका पडून कोपऱ्यात राहतो.

पाणी जुळले तरी स्वभाव जुळावा लागतो. निऑन, झेब्रा डॅनिओ, कोरिडोरास हे कळपाचे मासे. सहापेक्षा कमी ठेवले तर बिथरतात. टायगर बार्ब गप्पीच्या शेपटीचे लचके तोडतो. आधी शेपटीची कड दातेरी दिसते, मग तिथे कापसासारखी बुरशी धरते आणि मासा जातो. फायटर नर एका टाकीत एकच ठेवावा आणि त्याच्यासोबत लांब शेपटीचे गप्पी टाळावेत. एंजल लहान असताना गरीब वाटतो, मोठा झाला की निऑन गिळतो. गोल्डफिशला बेळगावची थंड हवा मानवते, पण तो वीतभर वाढतो व घाणही फार करतो. दोन फुटी टाकी त्याला पुरत नाही. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर फूटभराहून मोठा होतो. तो घरात मावेनासा झाला म्हणून मार्कंडेय किंवा घटप्रभा नदीत सोडू नये; तिथल्या मूळ माशांवर ते संकटच ठरते.

मऊ पाण्याच्या टाकीत आठ निऑन आणि तळाशी सहा कोरिडोरास हा मेळ उत्तम. जड पाण्यात चार-पाच प्लॅटी व सहा झेब्रा डॅनिओ ठेवावेत. गप्पी हवेच असतील तर फक्त नर घ्यावेत: मादी महिन्याच्या अंतराने पिले देते, आणि एकदा नराशी संग झाला की पुढे कित्येक महिने नराशिवायही वितच राहते.

नवी टाकी भरल्या दिवशीच मासे सोडणे हे मासे मरण्याचे नेहमीचे कारण आहे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात व खडीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी होतो. बोअरचे पाणी बहुधा तसेच, म्हणून तिथे गर्दी लवकर नडते. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर खाणे बंद करून निम्मे पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदलावे. एरवी आठवड्याला पाव टाकी पाणी बदलले की पुरते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जिवाणू मरतात.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो आणि त्यासोबत टाकीचे पाणीही गार होते. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके येणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अशा वेळी उचल खातो. निऑन, फायटर, एंजल यांच्यासाठी ५० वॅटचा हीटर लावून पाणी २४-२५ अंशांवर ठेवावे. झेब्रा डॅनिओ १८ अंशांपर्यंतची थंडी सोसतो, त्यामुळे हीटर नसलेल्या घरात पहिली पसंती त्यालाच द्यावी.